उशिरा पोचलेले सूर

आपल्या नाटकांकडे पाठ फिरवणाऱ्यांना भवभूतीने दिलेले उत्तर प्रसिद्ध आहे. आज ना उद्या, येथे नाही तर अन्यत्र, आपला समानधर्मा निर्माण होईल, असा त्याचा विश्वास होता. या विश्वासात एक गोष्ट गृहीत धरलेली होती. समानधर्मा जन्मास येईपर्यंत कृती टिकली पाहिजे आणि ती त्याच्या हाती पडली पाहिजे. नाटकाच्या बाबतीत हे काम पोथ्या उतरवणाऱ्या लेखनिकांनी केले. गायकाला मात्र हे भाग्य फार उशिरा लाभले. १८७७ साली एडिसनने फोनोग्राफ सिद्ध केला, तेव्हापासून मानवी कंठ काळाच्या तडाख्यातून वाचू लागला. परंतु ध्वनिमुद्रिका तयार होणे आणि ती ऐकली जाणे यांत केवढे अंतर असते, हे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील पाश्चात्त्य संगीताच्या इतिहासावरून चांगले कळून येते. त्या इतिहासातील तीन नगरांच्या, आणि त्या नगरांत जन्मलेल्या काही ध्वनिमुद्रिकांच्या या हकिकती आहेत. या ध्वनिमुद्रिका आजवर जितक्यांनी ऐकल्या त्याहून कितीतरी अधिक श्रोत्यांनी ऐकाव्यात, अशा योग्यतेच्या आहेत.

पहिले नगर अमेरिकेतील मेम्फिस. टेनेसी राज्यात मिसिसिपी नदीच्या काठी वसलेले हे शहर संगीतासाठी विख्यात आहे. एल्व्हिस प्रेस्ली याने १९५४ साली आपली पहिली व्यावसायिक ध्वनिमुद्रिका येथेच गायिली. कृष्णवर्णीयांच्या सोल संगीताचे 'स्टॅक्स' हे माहेरघर याच शहरातले. येथे जॉन फ्राय नावाच्या ध्वनितज्ज्ञाचा 'आर्डंट' हा स्टुडिओ होता. रात्री व्यावसायिक काम संपले की ओळखीच्या तरुणांना फ्राय तेथील यंत्रे वापरू देत असे आणि ती चालवण्याची विद्याही शिकवीत असे. या मुभेतून १९७१ च्या सुमारास चौघा तरुणांचा एक बँड आकारास आला. क्रिस बेल, अ‍ॅलेक्स चिल्टन, अँडी हमेल आणि जोडी स्टीफन्स हे ते चौघे. स्टुडिओसमोर 'बिग स्टार' नावाचे किराणा मालाचे दुकान होते. तेच नाव त्यांनी आपल्या बँडला दिले.

यांपैकी चिल्टनला कीर्ती नवी नव्हती. सोळाव्या वर्षी 'बॉक्स टॉप्स' या बँडबरोबर गायिलेले त्याचे 'द लेटर' हे गीत १९६७ साली अमेरिकेत चार आठवडे पहिल्या क्रमांकावर होते. पण ती गीते दुसऱ्यांनी निवडलेली, दुसऱ्यांनी रचलेली होती. बिग स्टारमध्ये तो आणि बेल आपली गीते आपणच रचू लागले. १९७२ साली त्यांचा पहिला अल्बम निघाला. त्याचे नाव होते 'नंबर वन रेकॉर्ड'. नावातला आत्मविश्वास अनाठायी नव्हता. गिटारच्या तारांचा घंटेसारखा स्वच्छ नाद, दोन-तीन कंठांचा एकजीव झालेला मेळ आणि यौवनाच्या उंबरठ्यावरची हुरहुर, असा त्याचा घाट आहे. 'थर्टीन' हे त्यातील गीत केवळ गिटारच्या साथीने गायिले आहे. तेरा वर्षांच्या मुलाचे बावरलेले प्रेम त्यात इतक्या संयमाने व्यक्त झाले आहे की, श्रोत्याला आपले स्वतःचे तेरावे वर्ष आठवावे.

समीक्षकांनी या अल्बमचे मनापासून स्वागत केले. तरीही तो खपला नाही. त्याच्या प्रती दहा हजारांच्याही आत राहिल्या, असे सांगितले जाते. याचे कारण रसिकांची अभिरुची नव्हे. आर्डंटच्या ध्वनिमुद्रिका दुकानांपर्यंत पोचवण्याचे काम स्टॅक्सकडे होते. स्टॅक्सची ख्याती सोल संगीताची. गोऱ्या तरुणांच्या गिटारवादनाची गिऱ्हाइके कोणत्या दुकानात येतात, हे त्यांच्या विक्रेत्यांना फारसे ठाऊक नव्हते. त्याच वर्षी स्टॅक्सने वितरणाचा करार कोलंबिया या बलाढ्य कंपनीशी केला आणि जुन्या लहान वितरकांची साखळी तुटली. ज्यांनी वर्तमानपत्रात परीक्षण वाचले ते दुकानात गेले. दुकानात तबकडीच नव्हती. १९७४ च्या आरंभी निघालेल्या 'रेडिओ सिटी' या दुसऱ्या अल्बमची गत याहून निराळी झाली नाही. स्टॅक्स आणि कोलंबिया यांच्यातील बेबनावात तो सापडला. पुढे १९७५ च्या डिसेंबरात स्टॅक्सचेच दिवाळे वाजले.

या अपयशाची किंमत माणसांनी मोजली. पहिला अल्बम पडताच क्रिस बेल खचला आणि १९७२ च्या अखेरीस बँड सोडून गेला. त्याचा भाऊ त्याला युरोपात घेऊन गेला. तेथे त्याने आपल्या गीतांवर काम केले, पण ती प्रसिद्ध करावयास कोणी पुढे आले नाही. मेम्फिसला परतल्यावर तो वडिलांच्या उपाहारगृहात काम करू लागला. १९७८ साली एका लहानशा कंपनीने त्याच्या दोन गीतांची एक तबकडी काढली. 'आय अ‍ॅम द कॉसमॉस' हे त्यातले प्रमुख गीत. त्याच वर्षी २७ डिसेंबरला मोटार अपघातात त्याचा अंत झाला. तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता. त्याच्या गीतांचा संपूर्ण अल्बम निघाला तो १९९२ साली, त्याच्या मृत्यूनंतर चौदा वर्षांनी.

मेम्फिसच्या या हकिकतीत दोष कोणा एका व्यक्तीचा नव्हता. कारखान्यात तबकडी छापणे सोपे असते. ती देशभरातील हजारो दुकानांत वेळेवर पोचवणे, संपली की पुन्हा पाठवणे आणि पैशाची वसुली करणे, हे खरे कठीण काम. हे काम मोठ्या कंपन्यांच्या हाती होते. ज्यांना त्या कंपन्या आपल्या मानीत नसत, त्यांची गीते गोदामातच मूक राहत. याच अडचणीतून पुढे 'इंडिपेंडंट', म्हणजे स्वतंत्र, या शब्दाचे 'इंडी' हे लघुरूप जन्मास आले. आज हा शब्द एका संगीतशैलीचे नाव म्हणून वापरला जातो. परंतु मुळात तो व्यापारातील एका बंडाचे नाव होता.

त्या बंडाची सुरुवात इंग्लंडात झाली. मँचेस्टर शहरातील 'बझकॉक्स' या बँडने मित्रांकडून आणि घरच्यांकडून पाचशे पौंड उसने घेतले, स्वतःच एक कंपनी काढली आणि १९७७ च्या जानेवारीत 'स्पायरल स्क्रॅच' ही चार गीतांची तबकडी प्रसिद्ध केली. आरंभी तिच्या एक हजार प्रती छापल्या होत्या. पुढे मागणी सोळा हजारांपर्यंत गेली. मोठ्या कंपनीच्या दाराशी न जाताही ध्वनिमुद्रिका निघू शकते, हे या पाचशे पौंडांनी सिद्ध केले. तथापि तबकड्या दुकानांपर्यंत नेण्याचा प्रश्न उरलाच होता. तो लंडनच्या पश्चिम भागातील एका दुकानाने सोडवला. जेफ ट्रॅव्हिस याने १९७६ साली नॉटिंग हिल भागात 'रफ ट्रेड' हे ध्वनिमुद्रिकांचे दुकान उघडले होते. लहान कंपन्यांचा माल या दुकानातून इतर गावांतील समानशील दुकानांकडे जाऊ लागला. १९७८ साली रफ ट्रेड स्वतःही ध्वनिमुद्रिका काढू लागले. पुढे यॉर्क, लिव्हरपूल, ब्रिस्टल, नॉरिच, एडिंबरा अशा ठिकठिकाणच्या दुकानदारांनी मिळून वितरणाचे एक जाळे विणले. 'कार्टेल' या नावाने ते ओळखले जाई. १९८० च्या जानेवारीपासून इंग्लंडात स्वतंत्र ध्वनिमुद्रिकांच्या खपाची निराळी क्रमवारी प्रसिद्ध होऊ लागली. तिच्यात प्रवेशाची कसोटी एकच होती: माल मोठ्या कंपन्यांच्या हातून गेलेला नसावा. गीत कोणत्या शैलीतले आहे, हा प्रश्न तेथे नव्हता.

या व्यवस्थेने जे वाचवले त्यांत दुसऱ्या नगरातील एक ध्वनिमुद्रिका आहे. ते नगर म्हणजे वेल्सची राजधानी कार्डिफ. स्टुअर्ट आणि फिलिप मॉक्सहॅम हे दोघे भाऊ आणि गायिका अ‍ॅलिसन स्टॅटन या तिघांचा 'यंग मार्बल जायंट्स' हा बँड. त्यांचा 'कलॉसल यूथ' हा अल्बम रफ ट्रेडने १९८० साली काढला. तो काळ कर्कश गिटारींचा आणि आरडाओरडीचा होता. या तिघांनी नेमका उलट मार्ग धरला. त्यांच्याकडे ढोलवादक नव्हता. एका नातलगाने घरी बनवलेल्या यंत्राची टिकटिक तेवढी ताल धरीत असे. बास गिटार बहुधा मागे राहून आधार देते; येथे तीच पुढे येऊन धून वाहते. दुसरी गिटार हाताने दाबून, नाद खुंटवून छेडलेली आहे. मधूनच ऑर्गनचे चार स्वर येतात. अ‍ॅलिसन स्टॅटन गाते ते मात्र कोणाला ऐकवण्यासाठी नव्हे. घरातले काम करताना एखादी स्त्री स्वतःशी गुणगुणते, तसा तो साधा आणि अलिप्त स्वर आहे.

पंधरा छोट्या रचनांच्या या अल्बममध्ये जे वाजवलेले नाही त्यालाही मोल आहे. दोन स्वरांमधील रिकामी जागा भरून काढण्याचा मोह तिघांनीही कटाक्षाने टाळला आहे. भारतीय श्रोत्याला याचे नवल वाटू नये. सिद्ध गायकाच्या विलंबित ख्यालात विश्रांतीच्या क्षणांनाही अर्थ असतो, हे त्याला ठाऊक आहे. बी. बी. सी. वर १९६७ पासून २००४ साली मृत्यू येईपर्यंत नव्या आणि अप्रसिद्ध बँडांना नेमाने ऐकवणारा निवेदक जॉन पील याच्या कार्यक्रमासाठीही हे तिघे १९८० साली गायिले. परंतु त्यानंतर लवकरच हा बँड मोडला. त्या काळातला 'कलॉसल यूथ' हा त्यांचा एकमेव अल्बम ठरला. पुढे निर्व्हाना या जगप्रसिद्ध बँडचा कर्ट कोबेन याने आपल्या आवडत्या अल्बमांच्या यादीत त्याची नोंद केली, आणि ज्यांनी कार्डिफचे नावही ऐकले नव्हते असे तरुण तो शोधू लागले.

तिसरे नगर पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला आहे. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरील डनीडिन हे स्कॉटिश वसाहतकारांनी वसवलेले, थंड हवेचे, विद्यापीठाचे गाव. लंडनहून येथे नवी तबकडी यावयाची ती समुद्रमार्गे आणि उशिरा. या दूरत्वाचा एक लाभ झाला. नवी फॅशन येथे पोचेपर्यंत जुनी झालेली असे. त्यामुळे तिची नक्कल करण्यापेक्षा आपल्याला सुचेल ते वाजवावे, असे येथील तरुणांना वाटले असल्यास नवल नाही. हेमिश आणि डेव्हिड किलगोर या भावांनी १९७८ साली 'द क्लीन' हा बँड स्थापन केला. पुढे रॉबर्ट स्कॉट त्यांना मिळाला. १९८१ साली क्राइस्टचर्च येथे रॉजर शेफर्ड नावाच्या, ध्वनिमुद्रिकांच्या दुकानात काम करणाऱ्या तरुणाने 'फ्लाइंग नन' ही कंपनी काढली. क्लीनचे 'टॅली हो' हे गीत तिच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकांपैकी एक. अगदी थोड्या खर्चात केलेली ही तबकडी देशाच्या क्रमवारीत एकोणिसाव्या स्थानी पोचली. त्याच वर्षी 'बूडल बूडल बूडल' ही पाच गीतांची ध्वनिमुद्रिका निघाली. क्रिस नॉक्स आणि डग हूड यांनी ती चार मार्गिकांच्या एका साध्या यंत्रावर मुद्रित केली होती. ती पाचव्या क्रमांकापर्यंत गेली. तिच्यातील शेवटची रचना भारतीय श्रोत्याने मुद्दाम ऐकावी. तंबोऱ्याप्रमाणे एकच आधारस्वर अखंड घुमत राहतो आणि त्यावर डेव्हिड किलगोरची गिटार मुक्तपणे संचार करते.

'टॅली हो' मधील ऑर्गन वाजवणारा मार्टिन फिलिप्स हा त्याच गावचा कोवळा तरुण होता. 'द चिल्स' हा त्याचा स्वतःचा बँड. या बँडचा ढोलवादक मार्टिन बुल १९८३ साली रक्ताच्या कर्करोगाने वारला. त्याने वाजवलेले 'पिंक फ्रॉस्ट' हे गीत पुढच्या वर्षी, त्याच्या पश्चात, प्रसिद्ध झाले. आपले चामड्याचे जाकीट तो मित्राला देऊन गेला होता. फिलिप्सने त्या जाकिटावर एक गीत रचले आणि मैत्रीची ती आठवण तालावर उभी केली. 'कलायडोस्कोप वर्ल्ड' या १९८६ सालच्या संग्रहात चिल्सची आरंभीची गीते एकत्र मिळतात. १९९० सालचा 'सबमरीन बेल्स' मायदेशी पहिल्या क्रमांकावर पोचला. बाहेरच्या जगात मात्र तो त्या मानाने थोड्यांनाच माहीत झाला. हेमिश किलगोर २०२२ साली गेला आणि मार्टिन फिलिप्स २०२४ साली, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी. त्यांच्या निधनाच्या बातम्यांमुळे अनेकांना ही गीते प्रथमच ऐकावीशी वाटली असतील, तर ते उचितच. पण गायक हयात असताना कोणी ती ऐकणे हे त्याहून उचित ठरले असते.

मेम्फिसच्या चौघांचे पुढे काय झाले, हा प्रश्न येथे साहजिकच उद्भवतो. ज्या थोड्या प्रती विकल्या गेल्या होत्या, त्या योग्य हाती पडल्या होत्या. १९७८ साली इंग्लंडात बिग स्टारचे पहिले दोन्ही अल्बम एकत्र पुनर्मुद्रित झाले. १९७४ साली जिम डिकिन्सनच्या देखरेखीखाली मुद्रित होऊन पडून राहिलेला तिसरा, विषण्ण अल्बमही त्याच वर्षी बाहेर आला. १९८६ साली बँगल्स या स्त्रियांच्या बँडने 'रेडिओ सिटी' मधील एक गीत नव्याने गायिले. १९८७ साली रिप्लेसमेंट्स या बँडने चिल्टनचे नावच एका गीताला दिले. तो अल्बम त्यांनी मेम्फिसच्या त्याच आर्डंट स्टुडिओत, डिकिन्सनच्याच हाताखाली मुद्रित केला. स्कॉटलंडमधील टीनेज फॅनक्लब या बँडच्या १९९१ सालच्या अल्बमवर बिग स्टारची छाया स्पष्ट दिसते. पुढे १९९३ साली मिसूरी विद्यापीठातील नभोवाणी केंद्र चालवणाऱ्या विद्यार्थ्यांनी बिग स्टारला पुन्हा एकत्र गाण्याचे निमंत्रण दिले. चिल्टन व स्टीफन्स यांनी ते स्वीकारले. बाकीच्या दोघांच्या जागी उभे राहिलेले दोन तरुण या गीतांवरच वाढलेले होते. ज्यांनी बोलावले त्यांतील बहुतेक, ते अल्बम प्रथम निघाले तेव्हा, पाळण्यात होते किंवा जन्मलेही नव्हते. भवभूतीने ज्याची वाट पाहिली तो समानधर्मा येथे वीस वर्षांनी, एका विद्यार्थी-नभोवाणीच्या खोलीत भेटला.

या तीन हकिकतींतून घाईघाईने एक चुकीचा निष्कर्ष निघण्याचा संभव आहे. जे उपेक्षित ते थोर, असा नियम नाही. गोदामात पडून राहिलेल्या शेकडो तबकड्या पडून राहण्याच्याच लायकीच्या होत्या. उपेक्षा हे गुणवत्तेचे प्रमाणपत्र नव्हे, तसाच खप हेही नव्हे. बिग स्टारची गीते खपली नाहीत म्हणून ती चांगली ठरत नाहीत. त्यांतील कारागिरी आणि कळवळा ऐकूनच ती चांगली ठरतात. निर्णय शेवटी कानानेच करावयाचा असतो, आणि कानापर्यंत ते पोचलेच नाही तर निर्णयच होत नाही. अन्याय झाला तो एवढाच, पण तो लहान नव्हता. ज्यांनी हा अन्याय थोडाफार दूर केला ते कोणी बडे धनिक नव्हते. उसने पाचशे पौंड घेणारे तरुण, दुकानदार, रात्रीच्या कार्यक्रमाचा निवेदक, विद्यार्थी आणि आपल्या पूर्वसूरींचे ऋण उघडपणे मान्य करणारे संगीतकार, अशी ती साधी माणसे होती.

आज परिस्थिती पालटली आहे. रफ ट्रेडची वितरणसंस्था १९९१ साली कोसळली आणि आता तिची गरजही पूर्वीइतकी राहिलेली नाही. 'नंबर वन रेकॉर्ड', 'कलॉसल यूथ' किंवा क्लीनची गीते शोधण्यासाठी कोणाला लंडनला पत्र धाडावे लागत नाही. नागपुरात, इंदुरात वा बडोद्यात बसून ती क्षणार्धात ऐकता येतात. दुकान रिकामे असण्याची अडचण संपली. तिच्या जागी दुसरी अडचण उभी राहिली आहे. कोट्यवधी गीतांच्या त्या राशीत, पुष्कळांनी ऐकलेलेच आणखी पुष्कळांच्या पुढे केले जाते आणि थोड्यांनी ऐकलेले तळाशी जाते. १९७२ साली तबकडी दुकानात नव्हती. आज ती आहे, पण तिच्याकडे बोट दाखवणारा माणूस हवा आहे.

ज्या रसिकाला हा प्रवास करावयाचा असेल, त्याने आरंभ 'थर्टीन' या गीताने करावा. त्याला तीन मिनिटेही लागत नाहीत. मग रात्री घर शांत झाल्यावर 'कलॉसल यूथ' सलग ऐकावा, कारण गोंगाटात त्यातील अर्धे संगीत हरवते. डनीडिनची गीते सकाळी ऐकावीत. आणि यांतील एखादे मनात रुजले, तर ते दुसऱ्या एका माणसाला ऐकवावे. क्रिस बेलच्या हयातीत ज्यांच्यापर्यंत त्याचे सूर पोचावयास हवे होते, त्यांच्यापर्यंत ते पोचले नाहीत. त्याच्यासाठी आता काही करता येण्यासारखे नाही. त्याचे सूर मात्र अजून प्रवासात आहेत, आणि प्रत्येक नवा श्रोता त्यांना एक मुक्काम पुढे नेऊ शकतो.